जी, मुकुट, आर : गिरगावातील एका वस्तऱ्याचे वय

गिरगावातील एका चाळीने शंभर वर्षे पूर्ण केली, त्या निमित्ताने रहिवाशांनी घरोघरच्या जुन्या वस्तूंचे छोटे प्रदर्शन मांडायचे ठरवले. तळमजल्यावर राहणाऱ्या नाभिक कुटुंबाने त्यासाठी पणजोबांची धोकटी माळ्यावरून खाली काढली. तीत दोन वस्तरे, चामड्याचा पट्टा, मध्यभागी झिजून खोलगट झालेला सहाणेचा तुकडा, पितळी वाटी आणि नराणी, म्हणजे नखे काढण्याचे हत्यार, एवढा ऐवज होता. जुने चाकू आणि वस्तरे दुरुस्त करण्याचा मला बरीच वर्षे नाद आहे हे चाळीत ठाऊक असल्यामुळे त्या घरातील नातू लेबलांचा कच्चा मजकूर घेऊन माझ्याकडे आला. त्याला माझ्याकडून फक्त शुद्धलेखन तपासून हवे होते. मोठ्या वस्तऱ्यासाठी त्याने लिहिले होते : ‘वस्तरा. इंग्लंड, सन १८२५. राजा चौथा जॉर्ज याच्या राजवटीतील. भारतीय पोलादापासून बनवलेला.’

शुद्धलेखनात काही चूक नव्हती. मजकुरातील तिन्ही विधानांपुढे मात्र मी पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढली आणि वस्तरा दोन दिवस माझ्याकडे ठेवण्याची परवानगी मागितली. त्या दोन दिवसांत काय पाहिले आणि कोणत्या क्रमाने पाहिले, ते येथे नोंदवतो. जुन्या वस्तऱ्याचे वय ठरवताना जी चूक सर्रास होते, ती या एका प्रकरणात अगदी उघडपणे झाली होती.

वस्तऱ्याचे पाते आणि मागची वळलेली शेपटी यांच्यामध्ये जो जाड दांडा असतो, त्याला सोयीसाठी देठ म्हणू. कारखानदाराचा ठसा बहुधा या देठावर असतो आणि पोलादाला पाणी देण्यापूर्वीच, म्हणजे ते तापवून कडक करण्याआधीच, तो ठोकलेला असतो. त्यामुळे पाते पाजवून पाजवून निम्मे झाले तरी ठसा टिकून राहतो. या वस्तऱ्याच्या देठावर एका बाजूला ‘जी’ आणि ‘आर’ ही इंग्रजी अक्षरे आणि त्यांच्यामध्ये मुकुट होता. त्याखाली तारा आणि माल्टी क्रूस (आठ टोकांचा क्रूस) ही चिन्हे आणि जोसेफ रॉजर्स अँड सन्स हे नाव होते. नावाखालच्या ओळीचा अर्थ ‘महाराजांचे चाकू-कात्री कारागीर’ असा होता. दुसऱ्या बाजूला ६, नॉरफोक स्ट्रीट, शेफिल्ड हा पत्ता होता आणि पत्त्याखाली घासून पांढरा झालेला सपाट पट्टा होता.

या पट्ट्याबद्दल विचारले तेव्हा नातू थोडा ओशाळला. “दादा, गंज होता म्हणून मी पॉलिश पेपर मारला.” जुन्या लोखंडी वस्तूचे वय ठरवू पाहणाऱ्याला हे वाक्य अनेकदा ऐकावे लागते. मुंबईच्या पावसाळी हवेत उघडे पोलाद आठवड्याभरात तांबूस होते, ही गोष्ट खरी आहे. तरीही गंज काढण्यासाठी खरखरीत कागद किंवा तारेचा ब्रश देठाला लावला, तर गंजाबरोबर ठशाच्या कडाही जातात आणि वाचण्यासारखे जे असते ते त्या कडांतच असते. शिलाई मशीनचे तेल लावून दिवसभर ठेवावे, नंतर मऊ कापडाने पुसावे, एवढे पुरते. घरोघरी अशा वस्तूंना खोबरेल तेल चोपडण्याची पद्धत आहे, पण ते कालांतराने चिकट होते आणि ठशाच्या खाचांत मळ धरते.

आता नातवाच्या तारखेकडे वळतो. त्याचा आधार ‘जी आर’ ही अक्षरे हा होता आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. ‘आर’ म्हणजे लॅटिनमधील रेक्स, राजा, आणि ‘जी’ म्हणजे जॉर्ज. शेफिल्ड या चाकू-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्रजी शहरातील रॉजर्स घराण्याला इंग्लंडच्या राजाचे अधिकृत कारागीर म्हणून पहिला मान चौथ्या जॉर्जच्या कारकिर्दीत, १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाला. त्याच सुमारास, १८२२ साली, त्यांनी दाखवण्यासाठी एक अचाट चाकू केला, ज्याला सनाच्या आकड्याइतकी म्हणजे १८२२ पाती होती. पुढे दर वर्षी त्यात एकेक पाते वाढवण्याची प्रथा पडली. चौथ्या जॉर्जने १८२० ते १८३० राज्य केले, हे नातवाने मोबाइलवर वाचले आणि दोन टोकांमधला आकडा म्हणून १८२५ लिहून टाकला.

अडचण अशी की जॉर्ज नावाचे राजे तेवढ्यावर संपले नाहीत. चौथ्या जॉर्जनंतर १८३० ते १८३७ चौथा विल्यम गादीवर होता आणि त्याच्या काळातील ठशांत ‘डब्ल्यू आर’ येते. १८३७ पासून जानेवारी १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया राणी होती आणि तिच्या काळातील ठशांत ‘व्ही आर’ असते. तिची कारकीर्द ६३ वर्षांहून अधिक असल्यामुळे वय ठरवायला ‘व्ही आर’ फारसे कामाचे नाही. १९०१ ते १९१० सातवा एडवर्ड होता. त्यानंतर ‘जी आर’ पुन्हा अवतरते, कारण १९१० ते १९३६ पाचवा जॉर्ज होता आणि १९३६ च्या डिसेंबरपासून १९५२ पर्यंत सहावा. ‘महाराजांचे’ हा शब्दही याच खिंडीत सापडतो. व्हिक्टोरियाच्या काळात तो ‘महाराणींचे’ असा असतो, म्हणून ‘महाराजांचे’ दिसले की वस्तरा एकतर १८३७ पूर्वीचा किंवा १९०१ नंतरचा. मधली चौसष्ट वर्षे एका शब्दाने वगळता येतात, हे खूप मोठे काम आहे. पण अलीकडचा काठ घ्यायचा की पलीकडचा, हे तो शब्द सांगत नाही.

ठशातील बाकीच्या गोष्टी तपासल्या. तारा आणि माल्टी क्रूस हा मार्का रॉजर्स घराण्याला १७६४ साली मिळाला. शेफिल्डच्या परिसरातील चाकू-कात्रीवाल्यांच्या मार्क्यांची नोंद ठेवणारी कारागीर मंडळी १६२४ साली कायद्याने स्थापन झाली होती आणि असे मार्के तिच्याकडून मिळत. नवख्यांना या जुन्या सनांची भूल पडते. जर्मनीतील सोलिंगेनच्या हेन्केल्सचा जुळ्या माणसांचा मार्का १३ जून १७३१ रोजी नोंदला गेला, म्हणून त्या मार्क्याचा प्रत्येक चाकू १७३१ चा ठरत नाही, जसे दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना १९०२’ असले म्हणून काउंटरवरचा चिवडा तेव्हाचा नसतो. मार्का किती जुना आहे यावरून वस्तू त्याआधीची नाही एवढेच कळते. नॉरफोक स्ट्रीटवरील ६ क्रमांकाचा पत्ताही याच कारणाने येथे निरुपयोगी होता, कारण तो या घराण्याने पिढ्यानपिढ्या आपल्या पात्यांवर ठोकला.

नक्कल आहे का, हेही पाहणे भाग होते. रॉजर्सच्या नावाची नक्कल इतरांनी भरपूर केली. नावातील ‘डी’ गाळून किंवा जोसेफऐवजी दुसरेच नाव लावून पुष्कळ माल खपवला गेला. देवनागरीत लिहिताना हा ‘डी’ उच्चाराबरोबर आपोआप गळतो, म्हणून मराठी माणसाने अशा वेळी मूळ रोमन अक्षरे एकेक करून मोजावीत. या देठावर ‘डी’ होता, ‘अँड सन्स’ होते, दोन्ही चिन्हे होती आणि अक्षरांची ठोक सरळ व एकसारखी होती. वस्तरा अस्सल असल्याबद्दल मला शंका उरली नाही.

मग दुसऱ्या बाजूच्या घासलेल्या पट्ट्याकडे वळलो. रात्री खोलीतील दिवा घालवून टॉर्च जवळजवळ देठाला समांतर धरला, म्हणजे प्रकाश पृष्ठभागावरून घसरत जातो आणि केसाएवढ्या खोल खाचेचीही सावली पडते. काही दिसते आहेसे वाटले, पण वाचता येईना. खडूची बारीक पूड बोटाने त्या जागी चोळली आणि वरची पूड तळहाताने अलगद पुसली. खाचांत अडकलेली पूड उरली आणि तीत पट्ट्याच्या उजव्या टोकाला ‘एल’, ‘ए’, ‘एन’, ‘डी’ ही अक्षरे ओळीने उभी राहिली. त्यांच्या डावीकडे ‘जी’ची फक्त पाठ शिल्लक होती. ‘इंग्लंड’ हा शब्द नातवाच्या पॉलिश पेपरखाली अर्धा गेला होता आणि अर्धा वाचला होता.

या एका शब्दाचे महत्त्व व्यापाराच्या कायद्यांमुळे आहे. १८८७ साली ब्रिटनने मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला. परदेशी माल ब्रिटिश भासेल अशी खूण घेऊन देशात येत असेल, तर तो खरोखर कुठे बनला हे त्यावर लिहिणे त्यामुळे भाग पडले. शेफिल्डला टोचणारा सोलिंगेनचा माल हे त्यामागचे एक मोठे कारण होते. १८८९ साली हिंदुस्थानातही त्याच धर्तीचा कायदा झाला. त्यानंतर अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले आणि १ मार्च १८९१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. अमेरिका हे शेफिल्डचे फार मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे कारखान्यांनी ठशातच ‘इंग्लंड’ घातले आणि तेच ठसे इतर बाजारांसाठीही वापरात राहिले. म्हणूनच शहराच्या नावाखाली देशाचे नाव दिसले की वस्तरा साधारणपणे १८९१ नंतरचा धरतात. उलट बाजूने मात्र हा नियम चालवता येत नाही. देशाचे नाव नाही एवढ्यावरून वस्तरा जुना ठरत नाही, कारण अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर ते नंतरही वगळलेले आढळते, आणि आपण पाहिलेच की एखादा हौशी नातू ते घासूनही टाकू शकतो.

‘इंग्लंड’ सापडले तेव्हाच १८२५ जवळजवळ निकालात निघाले होते. तरी अर्ध्या पुसलेल्या शब्दावर निकाल सोपवणे मला बरे वाटत नाही. ठसा आणि पात्याची घडण एकमेकांची साक्ष देतात का, हे पाहिल्याशिवाय वय सांगू नये, असे माझे मत आहे. घडणीची साक्ष या प्रकरणात ठशापेक्षाही पक्की निघाली.

१८२० च्या दशकातील वस्तऱ्याचे पाते आडवे कापून पाहिले तर पाचरीसारखे दिसेल. पाठ जाड असते आणि बाजू धारेपर्यंत जवळजवळ सरळ उतरतात. ते मोठ्या व्यासाच्या दगडी चाकावर घासत, आणि चाक मोठे असेल तर पात्याला पडणारा खोलगटपणा नाममात्र असतो. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः त्याच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांत, लहान चाकांवर दोन्ही बाजू आत पोखरून घासण्याची रीत रूढ झाली आणि पाते कागदासारखे पातळ होऊ लागले. असे पाते अंगठ्याच्या नखाने हळूच छेडले तर बारीक, लांबणारा नाद देते. पाचरीचे पाते ‘टक्’ म्हणते आणि गप्प बसते. हा वस्तरा छेडला तेव्हा नाद खोलीभर राहिला. पाते ५/८ इंच रुंद होते, पाठीपासून अर्ध्या इंचाच्या आत दोन्ही बाजू खोल पोखरलेल्या होत्या आणि देठाला लागून पात्याच्या मुळाशी जाडीची आडवी पट्टी सोडलेली होती. इतके पातळ पाते पिळू नये म्हणून ती पट्टी ठेवत आणि पाचरीच्या पात्याला तिची गरजच पडत नसे. शेपटी लांब आणि कमानदार होती. अठराव्या शतकातील वस्तऱ्यांना शेपटी जवळजवळ नसतेच. ती पुढच्या शतकात हळूहळू लांबत गेली.

मुठीबाबत मी अधिक सावध होतो, कारण मूठ बदलता येते आणि नाभिकाच्या हातातील वस्तऱ्याची मूठ एकदा तरी पडून तडकतेच. ही मूठ काळी होती. अंगठ्याने जोरात घासून गरम केली आणि नाकाशी नेली, तेव्हा कापराचा वास आला. सेल्युलॉइडची ही ओळख आहे, कारण ते बनवतानाच त्यात कापूर घालतात. हे द्रव्य १८७० च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आले. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काहीजण देतात, पण सेल्युलॉइड भपकन पेट घेते, तेव्हा तो प्रयोग कोणीही करू नये. मूठ मूळचीच असावी असे मी दोन गोष्टींवरून ठरवले. दोन्ही टोकांच्या खिळ्यांखालील चकत्या एकसारख्या होत्या आणि खिळ्यांच्या डोक्याभोवती हातोडी चुकल्याची एकही खूण नव्हती. ही साक्ष मी तरी दुय्यमच मानली.

पोलादाच्या दाव्याचे काय? येथे नातवाने काहीतरी खरे वाचले होते आणि ते चुकीच्या जागी चिकटवले होते. १७९४ च्या सुमारास मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ नावाच्या हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. त्यावर जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. निबंधाच्या नावातच ते पोलाद मुंबईत बनते असे म्हटले होते, जे खरे नव्हते. ते बनत असे दक्षिणेत. पुढे लंडनच्या स्ट्रँडवरील कारागीर जेम्स स्टोडार्ट याने वूट्झची पाती केली. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांच्याबरोबर त्याने पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले आणि १८२२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पोलादात चांदीचा अंश मिसळण्याच्या त्या प्रयोगांनंतर अनेक वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असा ठसा मिरवू लागला. मुंबईचा आणि इंग्रजी वस्तऱ्याचा हा धागा मला स्वतःला फार मोहक वाटतो. पण या देठावर वूट्झ नाही, सिल्व्हर स्टील नाही, पोलादाच्या जातीबद्दल अवाक्षर नाही. जे ठोकलेले नाही ते लेबलावर लिहायचे कशाच्या आधारावर?

एवढ्यावर वस्तरा १९१० नंतरचा ठरला. आता पाचवा जॉर्ज की सहावा, हा प्रश्न उरला. ठशाने येथे हात टेकले, तेव्हा मी घरच्यांकडे वळलो. घरातील थोरले काका, वय ७८, पहिल्यांदा माझ्यावर थोडे नाराज झाले. “अहो, पणजोबांना फोर्टातल्या साहेबानं दिलेला वस्तरा आहे हा. दोनशे वर्षांचा असणारच.” मी म्हटले, “काका, पणजोबांचा जन्म कधीचा?” ते थांबले, बोटांवर हिशेब केला आणि स्वतःच हसले. पणजोबा १८८० च्या आसपास जन्मलेले आणि १९३४ साली वारलेले, ही नोंद घरातील तिथींच्या वहीत होती. १८२५ चा वस्तरा साहेबाने दिला असता तर साहेबाने तो शंभर वर्षे जपून ठेवायला हवा होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात एखाद्या साहेबाने आपल्या नेहमीच्या नाभिकाला रॉजर्सचा नवा वस्तरा द्यावा, यात मात्र काहीच अवघड नाही. घरची आठवण खोटी नव्हती. तिला चुकीचा सन जोडला गेला होता.

शेवटचा दुवा मुठीच्या आतल्या बाजूला मिळाला. पाते पूर्ण उघडून मुठीच्या फटीत टॉर्च टाकला तेव्हा आत टोकदार वस्तूने कोरलेले एक अक्षर दिसले. नातवाला ती रेघोटी वाटली होती. ते मोडीतील ‘म’ होते आणि पणजोबांचे नाव ‘म’वरून होते. काकांच्या सांगण्याप्रमाणे पणजोबांचा उधारीचा हिशेब मोडीत असे. त्यांचे चिरंजीव, म्हणजे काकांचे वडील, शाळेत बालबोध शिकलेले होते, त्यांना मोडी वाचताही येत नव्हती आणि त्यांचे नाव वेगळ्या अक्षराने सुरू होत होते. हे अक्षर पणजोबांनीच कोरले असे धरले तर वस्तरा १९३४ पूर्वी त्यांच्या हातात होता आणि सहावा जॉर्ज आपोआप बाद होतो. हा निष्कर्ष ठशावरील निष्कर्षाइतका पक्का नाही. त्यात एक ‘धरले तर’ आहे आणि तो मी काकांनाही सांगितला.

धाकट्या वस्तऱ्यासाठी फार वेळ लागला नाही. त्याच्या देठावर रोमन लिपीत ‘बेंगॉल’ असे होते, त्यावरून घरच्यांनी तो बंगालात बनलेला ठरवला होता. त्या नावात शेवटी दोन ‘एल’ आहेत आणि शेफिल्डच्या कॅडमन घराण्याचे ते व्यापारी नाव आहे. बंगालशी या वस्तऱ्याचा संबंध नाही. देशाचे नाव ठशात स्पष्ट होते, पाते पोखरलेले होते, याहून नेमके सांगण्यासारखे मला त्यावर काही मिळाले नाही, म्हणून ‘शेफिल्ड, बहुधा १८९१ नंतर’ एवढेच लिहायला सुचवले.

मोठ्या वस्तऱ्याचे नवे लेबल असे झाले : ‘वस्तरा. जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफिल्ड, इंग्लंड. ठशावरून १९१० नंतरचा. मुठीतील मोडी अक्षरावरून बहुधा १९३४ पूर्वीचा. सेल्युलॉइडची मूठ.’ काकांना ‘बहुधा’ हा शब्द खटकला, पण तो काढायला मी तयार झालो नाही. त्याऐवजी ‘कुटुंबाच्या आठवणीप्रमाणे फोर्टमधील एका इंग्रज गिऱ्हाइकाने दिलेला’ अशी ओळ त्यांच्या आग्रहावरून घातली आणि ती रास्तच होती.

एक गोष्ट मी आग्रहाने करवून घेतली. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते आणि मिटलेल्या वस्तऱ्याचे पाते आतल्या आत खाऊन टाकते. जवळ ठेवलेल्या इतर धातूच्या वस्तूंनाही ती सोडत नाही. काचेच्या बंद पेटीत धोकटीतील सगळा ऐवज एकत्र मांडायचा बेत होता. वस्तरा पाते उघडून, तेलाचा हलका हात फिरवून, पितळी वाटीपासून लांब, वरून हवा खेळेल अशा तबकात ठेवला आणि पाहणाऱ्यांना ‘लँड’ ही अक्षरे दिसावीत म्हणून नातवाने त्यावर एक छोटा दिवा तिरपा बसवला.